त्रिलोक गुर्टू : बैठकीचा ड्रमवादक

पाश्चात्त्य ड्रमवादक स्टुलावर बसून मोठा ड्रम पायाने वाजवतो. त्रिलोक गुर्टू यांनी ही मांडणीच बदलली. ड्रम, झांजा व तबला सभोवती मांडून ते जमिनीलगत बसून वाजवू लागले. नादणारी झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर वाकवणे, हे त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य ठरले.

३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत जन्मलेल्या त्रिलोक यांना संगीताचा वारसा आई, विख्यात ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांच्याकडून लाभला. तबल्याचे शिक्षण घेतल्यानंतर ते ड्रम्सकडे वळले. १९८४ मध्ये ‘ओरेगॉन’ या अमेरिकी जॅझ समूहातील कॉलिन वॉलकॉट यांचे अपघाती निधन झाले. त्यांची जागा घेण्याचे अवघड काम त्रिलोक यांच्याकडे आले आणि ‘इकोटोपिया’सह (१९८७) समूहाच्या ध्वनिमुद्रिकांतून त्यांनी ते निभावले.

गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन यांच्या त्रयीतील त्यांची साथही गाजली. १९८९ मधील लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील मैफल ध्वनिमुद्रित आहे. ‘उसफ्रेट’ (१९८८) या स्वतःच्या पहिल्या अल्बममध्ये मात्र त्यांनी आईलाच गायला बोलावले. शोभाताई २००४ मध्ये निवर्तल्या. मुलाच्या तालावरचा त्यांचा स्वर त्या ध्वनिमुद्रणात टिकून आहे.