सोलापूरचे वालचंद आणि अमेरिकी मोटारींची ओळख

१/ महाराष्ट्रात जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले की १९४०-५०च्या दशकांतील डॉज किंवा प्लिमथ दिसण्याची शक्यता बरीच असते. १९७०च्या दशकातील अवाढव्य अमेरिकी मोटार मात्र क्वचितच आढळते. या तफावतीचा शोध सोलापूरपासून सुरू होतो.

२/ उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. जहाजे आणि विमाने यांप्रमाणेच मोटारीही भारतात तयार व्हाव्यात, हा त्यांचा ध्यास होता. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी सहकार्य करून त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९४७ मध्ये मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या.

३/ या मोटारी ओळखताना अनेकांची फसगत होते. डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट ही नावे वेगळी असली, तरी अंगकाठी मूळची प्लिमथचीच. फरक दर्शनी भागात आहे. प्लिमथच्या बॉनेटवर शिडाचे जहाज असते, डॉजवर मेंढा; डिसोटोच्या जाळीला जाड, उभे दाते असतात.

४/ फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या जुळणीशाळाही मुंबईत होत्या. मात्र १९५३च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, जे भारतात प्रत्यक्ष उत्पादन करतील त्यांनाच स्थान, असे धोरण ठरले. दोन्ही कंपन्यांनी येथील काम बंद केले. प्रीमियर टिकली आणि पुढे छोट्या फियाटकडे वळली.

५/ आयातीवर कडक निर्बंध असल्याने १९७०च्या दशकात नव्या अमेरिकी मोटारी येत त्या प्रामुख्याने वकिलातींसाठी. त्यांतील काही वापरानंतर स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. रस्त्यावर राज्य होते ते ॲम्बेसेडर आणि फियाट-पद्मिनीचे. पद्मिनीची लांबी ४ मीटरहून कमी. १९७५ची लिंकन काँटिनेंटल सुमारे ५.९ मीटर. कॅडिलॅक एल्डोराडोचे ८.२ लिटरचे इंजिन पद्मिनीच्या साडेसातपट होते.

६/ मग अशी मोटार समोर आली तर ओळखावी कशी? प्रथम पुढचे दिवे पाहावेत. या काळातील लिंकन काँटिनेंटल आणि क्रायस्लरची इम्पीरियल आपले दिवे झाकणांआड लपवतात. कॅडिलॅकचे दिवे उघडे असतात. मागच्या खांबात लंबगोल खिडकी आणि डिकीवर चाकाच्या आकाराचा फुगवटा दिसला, तर ती १९७२ ते १९७६ मधील लिंकनची मार्क फोर असू शकते.

७/ वर्षाचा अंदाज बंपरवरून बांधता येतो. ताशी सुमारे ८ किलोमीटर वेगाची धडक सोसण्याचा नियम अमेरिकेत १९७३च्या मॉडेलपासून पुढच्या बंपरला आणि १९७४पासून मागच्यालाही लागू झाला. त्यामुळे बंपर जाड होऊन पुढे आले. कॅडिलॅकचे चार दिवे चौकोनी असतील, तर मोटार १९७५ची किंवा त्यानंतरची समजावी.

८/ दरम्यान १९७३च्या तेलसंकटाने या वैभवाचा पायाच हलवला. इम्पीरियल हे स्वतंत्र नाव १९७५ मध्ये थांबले. जनरल मोटर्सने १९७७च्या मॉडेलपासून आपल्या मोठ्या मोटारी आखूड आणि हलक्या केल्या.

९/ म्हणून मोटारीवरचे नाव वाचून थांबू नये. कुर्ल्यात एकाच सांगाड्याला तीन नावे मिळाली ती क्रायस्लरच्या व्यापारनीतीमुळे. डेट्रॉइटचे बंपर जाड झाले ते अमेरिकेच्या कायद्यामुळे. आणि त्या मोटारी आपल्या रस्त्यांवर दुर्मीळ राहिल्या त्या भारताच्या आयातधोरणामुळे. वालचंद यांचे १९५३ मध्ये निधन झाले. ज्या धोरणाने परदेशी जुळणीशाळांना निरोप दिला, त्याच धोरणाच्या आधाराने त्यांचा कारखाना पुढे अनेक दशके चालला.