माहुलीचा धबधबा आणि माहुलीचा वेढा



आंबिवलीच्या स्टेशनावर कसाऱ्याकडे जाणारी गाडी धरली, की टिटवाळा, खडवली, वासिंद आणि मग आसनगाव. कल्याण ते वासिंद हा लोहमार्ग १८५५ साली सुरू झाला, आणि १८६० साली तो आसनगावपर्यंत पोचला. श्रावणात या वाटेने जाताना ढग जरा फाटले, की डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू लागतात. नवरा, नवरी, भटोबा, वजीर अशी त्यांची नावे. आसनगावहून पायथ्याचे माहुली गाव दीड-दोन कोसांवर आहे. तेथून थोडे रान तुडवले, की धबधब्याचा आवाज कानी येतो.

पावसाळ्याचे चार महिने हा धबधबा कोसळतो. दिवाळी सरली, की त्याची धार बारीक होत जाते. याचे कारण डोंगराच्या अंगातच आहे. हा सगळा काळा कातळ. त्यावर माती थोडी, उतार खडा. पडलेले पाणी मुरायला जागाच नाही. ते धावत सुटते. पश्चिमेचे पाणी तानसेच्या खोऱ्यात जाते. पूर्वेचे भातसेला मिळते, भातसा काळूला आणि काळू उल्हासला. आंबिवलीकरांच्या शेजारून जाणाऱ्या काळूच्या पुरात माहुलीच्या पाण्याचाही वाटा असतो, तो असा.

आता हा डोंगर इतिहासात का गाजला, ते पाहू. १६३३ साली दौलताबाद पडले, तेव्हा निजामशाही बुडाली असेच सर्वांना वाटले. पण शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातले एक मूल गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे झुंज दिली. १६३६ च्या मे महिन्यात शाहजहान आणि विजापूरचा आदिलशहा यांचा तह झाला. कालपर्यंत एकमेकांकडे संशयाने पाहणाऱ्या दोन सत्ता एकत्र आल्या. राजांनी माहुलीचा आसरा घेतला. मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान यांनी गडाला वेढा घातला. अखेर ऑक्टोबरात राजांना तह करावा लागला. बाळ निजामशहा मोगलांच्या स्वाधीन झाला, कित्येक किल्ले गेले, आणि राजे विजापूरच्या चाकरीत गेले. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवबा त्या वेळी गडावर होते, असे परंपरा सांगते.

पुढे जानेवारी १६५८ मध्ये शिवाजीमहाराजांनी माहुली घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला. १६७० च्या फेब्रुवारीत महाराजांनी हल्ला केला. पण मनोहरदास गौड हा मोगलांचा किल्लेदार दक्ष निघाला आणि मराठ्यांना माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड जिंकला. बापाला जेथे शस्त्र खाली ठेवावे लागले, तो गड मुलाने असा दोनदा मिळवला.

गड लढतो तो नुसत्या तटबंदीवर नव्हे, पाण्यावर. माहुलीवर कातळात खोदलेली टाकी आजही पाहावयास मिळतात. आभाळातून पडलेले पाणी खाली धावण्याआधी वरच अडवायचे, म्हणजे ते वैशाखात शिबंदीला पुरते. गड बांधणाऱ्यांचे हे साधे शहाणपण.

आज काय दिसते? तानसेचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पुढे भातसेवरही धरण झाले. शहापूर तालुका मुंबईची तहान भागवतो. आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायाबापड्या हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. धबधब्याखाली भिजून परतणाऱ्यांच्या हे ध्यानातही येत नाही. शहराला पाणी देऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याच्या डोंगरावर ते पडते, त्याच्या घागरीत ते आधी पडावे, एवढे तरी न्यायाचे नव्हे काय?

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. मुलांची सहल माहुलीला जरूर न्या. मात्र पावसाळ्यात निसरड्या कातळापासून त्यांना दूर ठेवा आणि डोहात उतरू देऊ नका. धबधबा दाखवून झाला, की गावातली विहीरही दाखवा. ती चैत्रात किती खोल जाते, हे गावच्या माणसालाच विचारू द्या. मग सनावळ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. पाणी कोणी अडवले आणि कोणासाठी, हा प्रश्न मुलेच विचारतील, आणि इतिहासाचा खरा धडा तेथूनच सुरू होईल.