द्रष्टा आणि निरीक्षक

कोप्पीकर रोड हा हुबळीतील व्यापाराचा रस्ता. पण या शहराची दुसरी ओळख सिद्धारूढ स्वामींच्या मठामुळे आहे. १९२९ मध्ये समाधिस्थ झालेल्या या सत्पुरुषाने अद्वैताचा विचार येथील सामान्यजनांपर्यंत नेला. त्याच विचाराची पद्धतशीर मांडणी करणारे एक साधक-विद्वानही याच भागात जन्मले. १८८६ साली जमखंडीत जन्मलेले प्रा. रामचंद्र दत्तात्रेय तथा गुरुदेव रानडे हे ते होत. उपनिषदांच्या तत्त्वज्ञानाचे समग्र विवेचन करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ साली पुण्यात प्रसिद्ध झाला.

योगायोग असा, की त्याच वर्षी एर्विन श्रोडिंगर यांनी पुंजभौतिकीतील आपले तरंगसमीकरण मांडले. शोपेनहौअरच्या वाचनातून वेदान्ताकडे वळलेल्या या शास्त्रज्ञाने १९२५ मध्येच, चैतन्य एकच आहे असे प्रतिपादन करणारा निबंध लिहिला होता. तो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र त्यांच्या समीकरणाला मान्यता मिळाली ती उपनिषदांमुळे नव्हे, तर हायड्रोजनच्या वर्णपटाशी त्याचे गणित जुळले म्हणून.

पुढे, विशेषतः फ्रिट्जॉफ काप्रा यांच्या १९७५ मधील ग्रंथानंतर, पुंजभौतिकीतील निरीक्षक म्हणजेच वेदान्तातील द्रष्टा, अशी समजूत रूढ होऊ लागली. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे. पुंजभौतिकीत मापनामुळे कणाची अवस्था सामान्यतः बदलते. नील्स बोर यांच्या मते हे मापन उपकरणानेच पूर्ण होते. त्यास मनाची आवश्यकता नाही. युजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये तेथे जाणिवेला स्थान दिले खरे, परंतु पुढे त्यांनीच तो विचार सोडून दिला. याउलट वेदान्तातील द्रष्टा केवळ साक्षी आहे. विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’तील नाटकदीप प्रकरणात त्यास नाट्यगृहातील दिव्याची उपमा दिली आहे. नट येवोत वा जावोत, दिवा सर्वांना सारखाच उजळतो. नाटकात तो काहीही बदल घडवीत नाही. म्हणजे एकाच्या पाहण्याने दृश्य पालटते, तर दुसऱ्याच्या पाहण्याने ते केवळ प्रकाशित होते.

रानडे यांनी अध्यात्माची कसोटी साक्षात् अनुभवात शोधली. ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ या १९३३ मधील ग्रंथात ज्ञानेश्वरांपासून रामदासांपर्यंतच्या संतांचा विचार त्यांनी याच दृष्टीने केला. १९५७ मध्ये निंबाळ येथे त्यांचे देहावसान झाले. भौतिकीची कसोटी प्रयोगाची, वेदान्ताची स्वानुभवाची. ग्रंथालयात हे दोन्ही विषय शेजारी नांदावेत; वाचकाने मात्र प्रत्येकास त्याच्याच कसोटीवर पारखून घ्यावे.