काचेआडची इंजिने

तुम्ही डब्लिनला आलात की ट्रिनिटी कॉलेजातले हस्तलिखित आणि समुद्रकाठचे कडे पाहायला सगळेच सांगतील. ते पाहून झाले की डार्ट या लोकल गाडीत बसा आणि उत्तरेकडच्या शेवटच्या स्थानकावर, मालाहाइडला उतरा. स्थानकापासून थोडे चाललात की गवताने शाकारलेले एक जुने देखणे घर लागते. त्याचे नाव कसिनो. नावावर जाऊ नका, इथे जुगार चालत नाही. इटालियन भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ छोटे घर, आणि हे घर अठराव्या शतकातले आहे. आत आयर्लंडच्या रेल्वेची लहान लहान मॉडेल मांडून ठेवली आहेत. मी तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करते, म्हणून मला ती पाहावीशी वाटली. पण त्यांची गोष्ट फक्त रेल्वेवेड्यांसाठी नाही. ज्यांच्या घरी आजोबांची एखादी वस्तू कपाटात पडून आहे, अशा सगळ्यांसाठी ती आहे.

ही मॉडेल सिरिल फ्राय यांनी केली. फ्राय (१९०५ ते १९७२) रेल्वेत अभियंता आणि ड्राफ्ट्समन होते, डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यात. हा कारखाना १८४६ पासूनचा. परळच्या किंवा जमालपूरच्या वर्कशॉपचे नाव आपल्याकडे जसे घेतात, तसे इथे इंचिकोरचे घेतात. दिवसा खऱ्या इंजिनांची आरेखने करायची आणि फावल्या वेळी तीच इंजिने हातभर लांबीची करून बनवायची, असा त्यांचा क्रम. १९२० आणि ३० च्या दशकांत संग्रह वाढत गेला. पत्नीचा त्यात मोठा हातभार होता. चर्चटाउनमधल्या त्यांच्या घराच्या माळ्यावर या सगळ्या गाड्या रुळांवर फिरत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दुकानातून आणलेली खेळण्यातली गाडी ही गाडीची आठवण असते. फ्राय यांची मॉडेल मापे घेऊन, कारखान्यातली आरेखने समोर ठेवून केलेली आहेत. त्यामुळे मूळ गाडी भंगारात गेल्यावर त्यांचे मोल बदलले. इंचिकोरने १९३९ आणि १९४० मध्ये ८०० क्रमांकाच्या वर्गाची तीन भव्य इंजिने बांधली. त्यांना आयरिश दंतकथांतल्या स्त्रियांची नावे दिली: मेव्ह, माखा आणि टाल्टे. आज फक्त मेव्ह शिल्लक आहे, तीही बेलफास्टजवळच्या कल्ट्रा येथील संग्रहालयात. डब्लिन शहरातली ट्राम १९४९ मध्ये बंद झाली, हाऊथच्या टेकडीवर चढणारी ट्राम १९५९ मध्ये, डोनेगॉलची तीन फुटी रेल्वेही त्याच वर्षाच्या अखेरीस, आणि वेस्ट क्लेअरची १९६१ मध्ये. आपल्याकडे १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइटचा अडीच फुटी मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. त्या छोट्या गाडीत बसलेला माणूस तिच्याबद्दल कसे बोलतो ते तुम्ही ऐकले असेल. फ्राय यांच्या हयातीतच त्यांच्या देशातल्या कितीतरी गाड्या अशा नाहीशा झाल्या.

मात्र कागदपत्र म्हणून मॉडेल वाचताना त्याची भाषा कळावी लागते. साधे उदाहरण रुळांमधल्या अंतराचे. ब्रिटनमध्ये हे अंतर चार फूट साडेआठ इंच. आयर्लंडमध्ये सुरुवातीला प्रत्येक कंपनीचे वेगळे होते. डब्लिन ते किंग्जटाउन ही १८३४ ची पहिली रेल्वे ब्रिटिश मापाची, तर उत्तरेकडची अल्स्टर रेल्वे सहा फूट दोन इंचांची. शेवटी सरकारी अधिकाऱ्यांनी मध्यम मार्ग म्हणून पाच फूट तीन इंच सुचवले आणि १८४६ च्या कायद्याने ते पक्के झाले. भारताने काही वर्षांतच पाच फूट सहा इंच निवडले, आणि १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी त्याच रुंदीच्या रुळांवर धावली.

आता मॉडेलांच्या बाजारात या. रूळ आणि चाके बहुतेक ब्रिटिश किंवा युरोपीय मापाची मिळतात. 'ओ' गेज नावाच्या मापात रुळांमधले अंतर ३२ मिलिमीटर असते. त्याच्या ब्रिटिश प्रमाणाने, म्हणजे एका फुटाला सात मिलिमीटर धरून, आयरिश रेल्वेचे रूळ जवळजवळ ३७ मिलिमीटर अंतरावर हवेत. म्हणजे तयार रुळांवर उभे केलेले आयरिश इंजिन कमरेखाली थोडे आवळलेले दिसते. पुण्यात 'एचओ' मापाच्या साडेसोळा मिलिमीटर रुळांवर भारतीय ब्रॉडगेजचे इंजिन ठेवणाऱ्याचीही हीच अडचण असते. त्याला खरे तर एकोणीस मिलिमीटरांहून जास्त अंतर हवे. तेव्हा अशी तडजोड दिसली की तिला चूक म्हणण्यापूर्वी विचारा, करणाऱ्याला त्या काळी बाजारात काय मिळत होते?

या वस्तू टिकतात कशा, हा पुढचा प्रश्न. लोखंड गंजते हे आपल्याला ठाऊक आहे. पण जुन्या मॉडेल इंजिनांना होणारे आजार वेगळे असतात, आणि काही तर काळजी घेतल्यामुळेच होतात.

पहिला आजार वंगणाचा. वर्षानुवर्षे न चाललेल्या इंजिनात तेल सुकून चिकट होते, मग कडक होते, अगदी लाखेसारखे. अशा इंजिनाला वीज दिली की मोटर फिरू पाहते, फिरत नाही, आणि तापून तिची तार जळते. म्हणून जुने इंजिन हाती आले की 'चालतेय का बघू' म्हणून ते लगेच रुळांवर ठेवायचे नाही. आधी उघडायचे, जुने तेल पुसायचे, कम्युटेटरवरची काजळी काढायची, कार्बनचे ब्रश झिजलेत का ते पाहायचे. दुसरा आजार चुंबकाचा. जुन्या मोटरींतले नालाच्या आकाराचे चुंबक मधले आर्मेचर बाहेर काढले की आपली ताकद गमावू लागतात. म्हणून जाणकार माणूस आर्मेचर काढता काढताच चुंबकाच्या दोन टोकांना लोखंडाचा तुकडा लावून ठेवतो.

तिसरा आजार असाध्य आहे. १९२० आणि ३० च्या दशकांतल्या बाजारी मॉडेलांची चाके आणि इतर भाग अनेकदा जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असत. त्या जस्तात शिशाची थोडी जरी भेसळ राहिली, तरी काही वर्षांनी धातू आतून फुगतो, त्याला तडे जातात आणि बोटांत धरताच त्याचा भुगा होतो. यावर औषध नाही. तो भाग नव्याने बनवणे एवढेच हाती राहते. चौथा आजार तर कपाटातच असतो. शिशाचे बारीक ओतीव भाग ओकसारख्या लाकडाच्या बंद कपाटात ठेवले, तर लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी येते आणि भाग झिजत जातो. प्रेमाने केलेले शिसवी थाटाचे कपाट आतल्या वस्तूला असे हळूहळू खाऊ शकते.

आणि सगळे भाग धडधाकट असले तरी जुळणी सोपी नसते. वाफेच्या इंजिनाच्या दोन बाजूंचे दांडे चाकांवर एकमेकांशी काटकोनात बसवलेले असतात, म्हणजे एक बाजू अडकलेल्या जागी असताना दुसरी बाजू चाक ढकलते. मॉडेलची चाके आसावरून काढून परत बसवताना हा काटकोन प्रत्येक आसावर तंतोतंत सारखा यावा लागतो. एका आसावर जरा जरी फरक पडला तर दांडे अडतात आणि इंजिन लंगडत चालते. हे पुस्तकात वाचून समजते, पण हाताला यायला कुणाच्या तरी शेजारी बसावे लागते.

इथेच इतिहासकाराची खरी पंचाईत होते. मोटर बदलली, चाके नवी ओतली, डाख निघाला होता तो पुन्हा दिला, रंग उडाला होता तिथे नवा लावला. इंजिन धावू लागले. पण आता त्यात बनवणाऱ्याचा हात कुठे संपतो आणि दुरुस्ती करणाऱ्याचा कुठे सुरू होतो? खऱ्या इंजिनांबाबतही हाच वाद आहे. १९६४ पासून आयर्लंडमध्ये एक संस्था वाफेची इंजिने चालती ठेवते आहे. चालती ठेवायची तर नळ्या बदलाव्या लागतात, बॉयलर दुरुस्त करावा लागतो. उलट कॉर्कच्या स्थानकावर १८४७ चे ३६ क्रमांकाचे इंजिन उभे आहे. ते धावत नाही, म्हणून त्याची झीजही होत नाही. एकाकडे चाल आहे, दुसऱ्याकडे मूळ धातू. दोन्ही एकाच इंजिनात पूर्णपणे मिळत नाहीत.

मालाहाइडमध्ये यावर काढलेला तोडगा मला पटतो. फ्राय यांची मूळ हस्तनिर्मित मॉडेल काचेआड ठेवली आहेत, आणि मांडणीवर धावणाऱ्या गाड्या वेगळ्या आहेत. मुलांना धावती गाडी दिसते, अभ्यासकाला न बदललेली वस्तू मिळते.

पण तिथवर पोचायला या संग्रहाला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. १९७२ मध्ये फ्राय गेले. पुढे संग्रह डब्लिनच्या पर्यटन संस्थेकडे आला आणि १९८८ मध्ये मालाहाइड किल्ल्याच्या आवारात लोकांसाठी खुला झाला. तिथल्या मोठ्या मांडणीत लिफी नदी होती, तिच्यावरचे पूल होते, डब्लिन आणि कॉर्कची स्थानके होती, हाऊथची ट्राम होती. २०१० मध्ये ते प्रदर्शन बंद झाले. मॉडेल होती, त्यांची ख्यातीही होती, फक्त जागा नव्हती. मग मालाहाइडच्याच एका रहिवाशाने मृत्युपत्रात सुमारे १५ लाख युरो ठेवले. स्थानिक परिषदेने कसिनोचे पडीक घर दुरुस्त केले, आणि २०२० च्या सुरुवातीला संग्रह पुन्हा उघडला. या साखळीतली एखादी कडी निसटली असती, तर फ्राय यांची इंजिने लिलावात एकेकटी विकली गेली असती. प्रत्येक इंजिन कदाचित वाचले असते, पण ज्या क्रमाने ती केली गेली तो क्रम, म्हणजेच संग्रह, नाहीसा झाला असता.

आपल्याकडचे उदाहरण कोथरूडमध्ये आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि बनवलेल्या छोट्या रेल्वेचे संग्रहालय तिथे १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. सिग्नल, पूल, दिवे, फाटके असलेले एक अख्खे गाव, आणि त्यातून धावणाऱ्या वेगवेगळ्या काळांतल्या गाड्या. पुण्याला गेलात की मुलांना जरूर न्या. फ्राय सरकारी कारखान्यातले आरेखक, जोशी पुण्याचे उद्योजक, तरी दोघांच्या संग्रहांपुढचा प्रश्न एकच: बनवणारा गेल्यावर या वायरी कुठून कुठे जातात हे कुणाला ठाऊक असणार?

हा प्रश्न परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना जास्त लागू आहे. आपल्या घरच्या वस्तू दोन खंडांत विखुरलेल्या असतात. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ नाशिकला, बाबांचा कॅमेरा गॉलवेला, आईची पायाची शिवणयंत्रे कुणा मावशीकडे. त्या चालत्या ठेवणारी माणसे एकेक करून कमी होत जातात, आणि पुढच्या पिढीला कोणता स्क्रू आधी काढायचा हेही माहीत नसते. मग वस्तू एक तर शोभेची होते, नाही तर कुणीतरी उत्साहाने ती 'नवी' करून टाकतो आणि तिच्यातले जुने सगळे पुसून जाते.

म्हणून संग्रहालयांची एक साधी सवय तुम्ही घरी उचला. वस्तू उघडण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा. काढलेला प्रत्येक भाग, तुटका असला तरी, एका पाकिटात घालून त्यावर तारीख लिहा. फेकू नका. नवा भाग बसवलात तर तो नवा आहे हे आतल्या बाजूला कुठेतरी नोंदवा. शक्यतो नवा रंग देऊ नका. आणि एका कागदावर मराठीत, तुमच्या मुलांना मराठी वाचता येत नसेल तर त्यांना वाचता येईल त्या भाषेत, चार ओळी लिहून त्याच खोक्यात ठेवा: ही वस्तू कुणाची, कुठून आली, मी काय बदलले, आणि ती सुरू कशी करायची.