पाण्यावरचा तवंग आणि पेशीचे पटल

आमटीवर तरंगणारा तेलाचा तवंग आपण सर्वांनीच पाहिला आहे. मात्र पाण्यावर पसरलेले तेल पातळ होऊन होऊन किती पातळ व्हावे, हा प्रश्न जेवताना सहसा कोणाला सुचत नाही. सजीव पेशीला वेढणाऱ्या पटलाची रचना माणसाला उमगली, ती याच प्रश्नाच्या वाटेने.

बेंजामिन फ्रँक्लिनने लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यावर चमचाभर तेल ओतले आणि सुमारे अर्ध्या एकरावरील लाटा निवाल्या. ही हकीकत त्याने १७७४ साली प्रसिद्ध केली. पण एक साधा भागाकार मांडावयाचा राहून गेला. पाच घनसेंटिमीटर तेल दोन हजार चौरस मीटर पाण्यावर पसरले असे धरले, तर थराची जाडी मिलिमीटरच्या चार लाखाव्या भागाइतकी निघते. म्हणजे जेमतेम एका रेणूची उंची!

पुढचे पाऊल पडले ते एका स्वयंपाकघरात. जर्मनीतील ब्राउनश्वाइग गावी आग्नेस पॉकेल्स ही तरुणी घरकाम आणि आजारी आईवडिलांची शुश्रूषा करीत असे. विद्यापीठाची दारे त्या काळी तेथील स्त्रियांना बंद होती. तिने पत्र्याच्या उथळ भांड्यात काठोकाठ पाणी भरून वर एक आडवी पट्टी ठेवली. पट्टी सरकवून पाण्यावरच्या तवंगाला हवी तेवढीच जागा द्यावयाची आणि पृष्ठताण कसा बदलतो ते मोजावयाचे, अशी तिची युक्ती होती. १८९१ साली तिने लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले आणि त्यांनी ते ‘नेचर’ या नियतकालिकात छापविले. त्याच उपकरणाला अधिक नेटके रूप देऊन आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये दाखविले की मेदाचे रेणू पाण्यावर एकपदरी उभे राहतात : डोके पाण्यात, शेपटी हवेत. पुढे १९३२ चे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. उपकरणालाही लोक त्यांचेच नाव देतात. पॉकेल्सबाईंची आठवण क्वचितच निघते.

इकडे झुरिकमध्ये अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताडले होते की मेदात विरघळणारे पदार्थ पेशीत झपाट्याने शिरतात. तेव्हा पेशीची वेसही मेदाचीच असावी. पण ही वेस किती पदरी?

या प्रश्नाला हात घातला तो हॉलंडमधील लायडन येथे बालरोगतज्ज्ञ एव्हर्ट खोर्टर आणि त्यांचे सहकारी ग्रेन्डेल यांनी. त्यांनी तांबड्या रक्तपेशी निवडल्या, आणि ही निवडच मोठी मार्मिक होती. सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नाही, आत दुसरे पटल नाही. मग जो मेद हाती येईल तो बाहेरच्या पटलाचाच. ठराविक संख्येच्या पेशींतील मेद त्यांनी अ‍ॅसिटोनने काढला, पाण्यावर एकपदरी पसरला आणि त्याचे क्षेत्रफळ मोजले. ते पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. म्हणजे पटल दुपदरी! डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. हे झाले १९२५ साली. त्याच वर्षी ह्यूगो फ्रिके यांनी तांबड्या पेशींची विद्युत्-धारकता मोजून पटलाच्या मेदाची जाडी सुमारे ३३ अँगस्ट्रॉम ठरविली, तीही रेणूंच्याच मापाची.

गंमत पुढेच आहे. १९६६ मध्ये बार, डीमर आणि कॉर्नवेल यांनी लायडनचा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा त्यात दोन चुका आढळल्या. अ‍ॅसिटोनने सगळा मेद निघतच नाही, म्हणून मेद कमी मोजला गेला. आणि पेशी वाळवून मापल्यामुळे त्यांचा पृष्ठभागही खऱ्याहून लहान ठरला. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, म्हणून भागाकारात त्यांनी परस्परांना पुसून टाकले! याला निव्वळ दैव म्हणावे काय? माझ्या मते नाही. मापे चुकली, पण कोणते माप कशाशी ताडावे हे त्यांना अचूक कळले होते.

प्रथिनांचा हिशोब मात्र राहून गेला. डॅनिएली आणि डॅव्हसन यांनी १९३५ मध्ये ती मेदाच्या दोन्ही अंगांना लिंपली, आणि हे चित्र तीन तपे टिकले. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची व माणसाची पेशी एकजीव केली, तेव्हा दोहोंची प्रथिने ४० मिनिटांत पटलावर सर्वत्र मिसळून गेली. भिंत वाटली होती ती वाहती निघाली. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी हे सारे एकत्र गुंफले : मेदाचा दुपदरी प्रवाह आणि त्यात कमीअधिक बुडालेली प्रथिने.

त्यांतील काही प्रथिने तर आरपार दारेच असतात. पाण्याचे असे दार पीटर अ‍ॅग्रे यांच्या हाती आले. ते प्रथिन बेडकाच्या अंडपेशीत उतरविताच, साध्या पाण्यात ठेवलेली ती पेशी फुगून फुटली. १९९२ सालची ही गोष्ट. ते मुळात सापडले होते तांबड्या रक्तपेशींच्या पटलात, ज्यातील मेद खोर्टर आणि ग्रेन्डेल यांनी पाण्यावर पसरून मोजला होता.