इशारा छापून झाल्यावर

औषधांमुळे रक्ताचे आजार जडल्याचा इतिहास बहुधा अज्ञानाचा इतिहास म्हणून सांगितला जातो: औषध नवे होते, धोका कुणाला ठाऊक नव्हता, कळला तोवर काही रोगी दगावले होते. क्लोरॅम्फेनिकॉलच्या, म्हणजे पार्क-डेव्हिस कंपनीच्या क्लोरोमायसेटिनच्या बाबतीत हे म्हणणे टिकत नाही. १९४९ साली ते अमेरिकेच्या बाजारात आले आणि १९५२ साली त्याच्या धोक्याची सरकारी नोंद झाली. तरीही पुढची पंधरा वर्षे ते सर्दी-पडशालासुद्धा दिले जात होते. खरा अनर्थ या पंधरा वर्षांत झाला, आणि तो माहिती नसल्यामुळे नव्हे, तर इशारा छापला की जबाबदारी संपली असे सगळ्यांनी धरून चालल्यामुळे झाला.

औषधाची थोरवी आधी मान्य करायला हवी. काराकासजवळच्या शेतातल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते मिळाले. १९४८ साली क्वालालंपूरला स्क्रब टायफसवर त्याची चाचणी चालू असताना विषमज्वराचे रोगीही त्याने बरे होतात असे दिसले. पहिल्या दहा रोग्यांचा ताप तीन-चार दिवसांत उतरला. तीन-तीन आठवडे अंथरुणाला खिळवणाऱ्या, आतड्याला भोक पाडून जीव घेणाऱ्या या आजारावर तोवर शुश्रूषेखेरीज डॉक्टरांच्या हातात फारसे काही नव्हते. भारतातही पुढे कित्येक वर्षे विषमज्वरावरचे मुख्य औषध हेच होते.

पण मोजक्या रोग्यांत हे औषध हाडांतल्या मगजावर उलटे. आधी थकवा येई, चेहरा पांढराफटक पडे. मग काही लागले नसताना अंगावर काळेनिळे डाग उठत, हिरड्यांतून रक्त येई. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्हींची निर्मितीच थांबलेली असे, त्यामुळे साधा जंतुसंसर्गही जिवावर बेते. अप्लास्टिक ॲनिमियाचा हा प्रकार औषधाच्या मात्रेवर अवलंबून नसतो, आणि औषध थांबवून कित्येक आठवडे उलटल्यावरही उद्भवू शकतो. १९५२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने देशभर चौकशी केली. रक्ताच्या गंभीर आजाराच्या ४१० रोग्यांपैकी १७७ जणांनी हे औषध घेतले होते, आणि त्यांतल्या ६१ जणांनी दुसरे कोणतेच औषध घेतलेले नव्हते.

तेव्हा ठरले ते असे: औषध बाजारात राहील, पण किरकोळ आजाराला ते देऊ नये आणि दीर्घकाळ किंवा पुन्हा पुन्हा द्यायचे तर रक्त तपासत राहावे, असा इशारा त्याच्यासोबत छापला जाईल. खप कोसळला. मग कंपनीने आपल्या विक्री प्रतिनिधींना कळवले की औषधाला सरकारी मान्यता मिळाली आहे आणि कोणत्या आजारांना ते द्यावे यावर बंधन नाही. कायद्याच्या दृष्टीने हे खरे होते, आणि नेमकी तिथेच मेख होती. इशाऱ्याचा कागद औषधाच्या दुकानात जाई; डॉक्टरांसमोर खुर्ची ओढून बसे तो प्रतिनिधी. खप पुन्हा चढला.

यावर म्हणता येईल की धोका अगदी विरळ होता. कॅलिफोर्नियातल्या १९६९ च्या अभ्यासात साधारण २४,५०० ते ४०,८०० रोग्यांमागे एक मृत्यू असे प्रमाण निघाले. विषमज्वराच्या रोग्याने हा धोका पत्करावा, हे मलाही पटते. पण विषाणूंनी होणाऱ्या सर्दीवर या औषधाचा काडीचाही उपयोग नाही, तिथे लाखात एक धोकासुद्धा जास्तच. शिवाय साठच्या दशकात वर्षाला सुमारे चाळीस लाख अमेरिकी लोक ते घेत होते असा अंदाज आहे. साधा गुणाकार केला तरी वर्षाला शंभर ते दीडशेच्या वर मृत्यू होतात, आणि त्यांतले बहुतेक टाळता येण्याजोगे होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कोणाला काय द्यायचे हे डॉक्टरने ठरवावे, सरकारने नव्हे. तत्त्व म्हणून ते ठीक, पण त्यासाठी डॉक्टरच्या कानावर खरी माहिती पडायला हवी. आणि बंधन घातल्याने काय साधते, याचा दाखला आधीच समोर होता. अमायडोपायरीन या वेदनाशामकाने पांढऱ्या पेशी नाहीशा होतात हे १९३४ च्या सुमारास उघड झाले. डेन्मार्कने त्याच्या विक्रीवर बंधने आणल्यावर तिथे तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

अमेरिकेत क्लोरॅम्फेनिकॉलच्या वापराला आळा बसायला सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या उपसमितीची सुनावणी व्हावी लागली. १९६७-६८ साली तिच्यापुढे रक्तरोगतज्ज्ञांनी दिलेल्या साक्षी वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचल्या. खप पुन्हा उतरला, आणि या खेपेला वर आला नाही. १९७३ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मृत्यूच्या खटल्यात निकाल दिला की औषधाचा अतिप्रचार करून कंपनीने आपलाच छापील इशारा निष्प्रभ केला, असा निष्कर्ष ज्यूरीला काढता येतो. डॉक्टरलाही धोका ठाऊक होता, हा कंपनीचा बचाव तिथे टिकला नाही.