पेटीच्या बाई आणि डेट्रॉइटच्या जेरी ॲलन



स्मरणिका समितीने गुरुजनांची छायाचित्रं जमवण्याचं काम माझ्यावर सोपवलं. मुख्याध्यापकांचं मिळालं. गणिताच्या सरांची तर पाच मिळाली. पेटीच्या बाईंचं मात्र एकही नाही. शिक्षकांच्या एका सामूहिक छायाचित्रात, दुसऱ्या रांगेच्या टोकाला अर्धवट कापला गेलेला एक पदर दिसतो. तो त्यांचाच असावा.

मी पुढे तीस वर्षं महाविद्यालयात इतिहास शिकवला. साधनांवाचून इतिहास नाही, हे वाक्य दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत असे. आणि ज्यांनी मला सूर ओळखायला शिकवलं, त्यांचं एकही साधन माझ्यापाशी नाही! ही टोचणी प्रथम लागली ती पिट्सबर्गला मुलीकडे गेले होते तेव्हा. तिथे जेरी ॲलन हे नाव कानावर आलं. त्या जॅझ पियानोवादक होत्या, प्राध्यापक होत्या आणि संशोधकही. त्यांची हकीकत आज सांगते.

जॅझ या शब्दाने बिचकू नका. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे अनेक गोमंतकीय वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. त्यामुळे त्या संगीताची चव आपल्याला नकळत लागलेलीच आहे. ‘अमर अकबर अँथनी’मधलं अँथनी गोन्साल्विस हे नाव आपण स्नेहसंमेलनात घसा फोडून म्हटलं होतं, आठवतं? ते संगीतकार प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचं नाव. शिष्याने गुरूला घरोघरी पोचवलं. जेरी ॲलन यांनी अशी गुरुदक्षिणा जन्मभर दिली.

त्यांचा जन्म १२ जून १९५७ चा, मिशिगन राज्यातल्या पाँटिॲकचा. वाढल्या मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइटमध्ये. वडील तिथल्या सरकारी शाळेत मुख्याध्यापक होते. सातव्या वर्षी पियानो सुरू झाला. पुढे त्या कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये गेल्या. ही शाळा सरकारी, पण रॉन कार्टर, पॉल चेंबर्स, डोनाल्ड बर्ड असे नामवंत जॅझ वादक तिथूनच शिकून गेले होते. तिथे संगीत हा वेळापत्रकातल्या फटी बुजवायचा विषय नव्हता.

याच शहरात त्यांना मार्कस बेलग्रेव्ह भेटले. रे चार्ल्स यांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवलेला हा माणूस डेट्रॉइटला स्थायिक झाला आणि पोरांना घडवत राहिला. केनी गॅरेट, रेजिना कार्टर हेही त्यांचेच विद्यार्थी. जॅझमध्ये राग नसला तरी आपल्याकडच्यासारखीच उपज असते. ठरलेल्या चालीभोवती वादक त्या क्षणी नवं काही रचत जातो. हे कागदावरून पूर्णपणे शिकता येत नाही, जाणत्या माणसाशेजारी बसून वाजवावं लागतं.

१९७९ मध्ये ॲलन यांनी हॉवर्ड विद्यापीठातून जॅझ विषयात पदवी घेतली आणि १९८२ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातून एम. ए. केलं. संगीताचा अभ्यास समाजजीवनाच्या अंगाने करणारी ही शाखा होती. तिथे मार्गदर्शक होते नेथन डेव्हिस. प्रबंधाचा विषय होता सॅक्सोफोन आणि बासरी वाजवणारे एरिक डॉल्फी. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांचं नाव झालं. ऑर्नेट कोलमन यांनी कित्येक वर्षं पियानोशिवायच वाद्यवृंद चालवला होता. नव्वदच्या दशकात त्यांनी पियानोसाठी ॲलन यांना बोलावलं. १९९६ मध्ये डेन्मार्कचा जॅझपार पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

एवढं झालं तरी गुरू मागे पडले नाहीत. त्यांच्या एका अल्बमचं नाव ‘द नर्चरर’, म्हणजे जोपासना करणारा. त्यात ट्रम्पेटवर आहेत खुद्द बेलग्रेव्ह. २०१३ मध्ये त्यांनी डेट्रॉइटच्या संगीतावर अल्बम केला, त्यातही बेलग्रेव्ह आहेतच.

माझ्यातल्या इतिहासशिक्षिकेला मोह पडतो तो त्यांच्या दुसऱ्या कामाचा. मेरी लू विल्यम्स (१९१०–१९८१) या थोर पियानोवादक आणि संगीतकार पिट्सबर्गमध्ये वाढलेल्या. बारा राशींवर त्यांनी १९४५ मध्ये ‘झोडिॲक सूट’ रचला आणि आयुष्याची अखेरची वर्षं ड्यूक विद्यापीठात शिकवण्यात घालवली. ॲलन यांनी १९९६ च्या ‘कॅन्सस सिटी’ या चित्रपटात त्यांच्यावर बेतलेली भूमिका केली आणि २००६ मध्ये त्या बारा राशी नव्याने ध्वनिमुद्रित केल्या. त्याच शहरातले एरोल गार्नर यांना स्वरलिपी वाचता येत नसे. त्यांचं वादन टिकलं ते ध्वनिमुद्रणांतूनच. १९५५ च्या त्यांच्या गाजलेल्या मैफिलीचा मूळ अल्बम अपुरा होता. २०१५ मध्ये ती मैफल राहून गेलेल्या ११ रचनांसह प्रसिद्ध झाली, तेव्हा निर्मात्यांत ॲलन होत्या.

मिशिगन विद्यापीठात दहा वर्षं शिकवून २०१३ मध्ये त्या पिट्सबर्गला परतल्या. डेव्हिस सरांनी १९६९ मध्ये सुरू केलेला जॅझ विभाग त्यांच्या या विद्यार्थिनीच्या हाती आला. २७ जून २०१७ रोजी कर्करोगाने त्या गेल्या. साठी पूर्ण होऊन पंधराच दिवस झाले होते.

आता आपल्या शाळेत येते. दहावीत बाईंचा तास गणिताला दिला गेला. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत पेटी उघडून बसायच्या, येईल त्याला शिकवायच्या. सुरुवातीला पाचसहा जणी जायचो. पुढे मीही जाणं सोडलं. बोर्डाचा निकाल लागला त्या आठवड्यात मी जुन्या वह्या रद्दीत घातल्या. बाईंनी स्वतःच्या हाताने सरगम लिहून दिलेली वही त्यांत होती. तिचं मोल मला तेव्हा कळलं नाही. इतिहास काळाच्या ओघात नाहीसा होतो असं आपण म्हणतो. हा मी स्वतः वजनकाट्यावर ठेवला होता.

म्हणून एक विनंती. ज्यांच्याकडे बाईंच्या हस्ताक्षरातली वही, एखादं छायाचित्र, स्नेहसंमेलनाची जुनी कॅसेट असेल, त्यांनी मेळाव्याला येताना ती घेऊन यावी. काहीच नसेल, तर पंधरा ऑगस्टला बाई जी स्वतः बांधलेली चाल आपल्याकडून म्हणवून घेत, ती आठवून या. एकाला धृपद आठवेल, एकीला अंतरा. सगळे मिळून म्हणू आणि फोनवर मुद्रित करून शाळेच्या ग्रंथालयात ठेवू. सुरुवात मी करीन. माझा सूर चुकला तर थांबवा, बाईही थांबवायच्या.